तुपाक्कीरावांचा साचा

तुपाक्कीरावांसमोर 'जवळजवळ' हा शब्द वापरायची सोय नव्हती. "मामा, पानं जवळजवळ वाढून झाली," असं कुणी म्हणालं की ते पाटावर बसत नसत. "म्हणजे जाहलीं नाहीत," एवढंच बोलून झोपाळ्यावर पुन्हा टेकत. स्टेशनावरून आलेल्या माणसाने "गाडी जवळजवळ वेळेवर होती" म्हटलं, तर ते त्याला मिनिटं विचारत. त्याला सांगता आली नाहीत, तर चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहत, की त्याने गाडीची वेळ सोडून आपलं वयच चोरलं असावं.

कुंभकोणमला मेलकावेरीत त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत सामाईक होती. दोन्ही घरं तंजावरच्या दरबाराच्या आश्रयाने आलेली. दरबार गेला, इनामं गेली, मराठी तेवढी राहिली, तीसुद्धा उंबऱ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमच्या त्या मराठीत 'कोठें', 'जाहलें', 'बेस' असले शब्द इतके सहज होते, की पुढे मी पुण्याला नोकरीला आलो तेव्हा लोक मला एखादी जुनी बखर वाचायला घ्यावी तसे ऐकायचे. मामांचे आजोबा दरबारची शस्त्रं सांभाळत. मामा स्वतः बावीस वर्षं लष्करात होते, बंदुका दुरुस्त करण्याच्या कामावर. तिथून निवृत्त झाल्यावर मागच्या पडवीत त्यांनी छोटा कारखाना मांडला आणि आसपासच्या परवानेवाल्या बंदुका ते तिथे नीट करून देत. तमिळमध्ये बंदुकीला तुपाक्की म्हणतात, म्हणून गल्लीने त्यांचं नाव तुपाक्कीराव ठेवलं. आमच्या घरात ते मामाच.

शिसं वितळवायच्या खोलीत त्यांनी पाण्याला बंदी केली होती. मामी कॉफीचा पेला घेऊन आल्या तरी उंबऱ्याबाहेर थांबत. पेल्याला बाहेरून चिकटलेला एक थेंब कढईत पडला तर वितळलेलं शिसं तोंडावर उडतं, हे त्यांनी एका सोबत्याच्या डोळ्याच्या किमतीवर पाहिलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. मामा मला थट्टेने 'वाद्यार' म्हणत. आमच्याकडे शिक्षकाला तसं म्हणतात. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो, पण हात धोतराला कोरडे पुसून दाखवल्याशिवाय मला आत प्रवेश नसे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात कावेरी अगदी आटली. आमच्या दोन्ही घरांचे कपडे धुणारी पोन्नम्माळ, तिचा मुलगा माणिक्कम आणि सून वळ्ळी गाढवांवर गाठोडी लादून उत्तरेला कोळ्ळिडम नदीवर जाऊ लागले. कोळ्ळिडमही वाळूत हरवली होती, पण मधे मधे खोल डोह उरले होते. एका सकाळी वळ्ळी दगडावरचा कपडा खळबळायला गुडघाभर पाण्यात उतरली आणि पुन्हा वर आली नाही. माणिक्कमने मगरीची शेपटी तेवढी पाहिली. पोलीस ठाण्यातून माणसं आली, त्यांनी दोन दिवस पहारा केला, डोहात बार टाकले. मगर दहा दिवस दिसली नाही. अकराव्या दिवशी तिने पाण्यावर आलेलं एक वासरू नेलं.

दुसऱ्या दिवशी पोन्नम्माळ मामांच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ती रडत नव्हती. "ऐया, नदीवर गेलं नाही तर चूल पेटत नाही, आणि गेलं तर हा प्रकार. तुमच्याकडे लांब मारणारी बंदूक आहे म्हणतात," एवढंच ती म्हणाली.

बंदूक होती. आजोबांच्या वेळची, एकबारी, जाड गोळीची जुनी रायफल. तिच्या गोळ्या बाजारात मिळत नसत. रायफलीबरोबर आलेला पितळी साचा होता, त्यात मामा शिसं ओतून गोळ्या घरीच पाडत. मागच्या वर्षी नळीत गंज धरला होता, तो त्यांनी महिनाभर खपून आतून घासून काढला होता. त्यानंतर तिच्यातून बार काढलेला नव्हता. मी विचारलं, "मामा, आधी कागदावर एकदा मारून पाहायची का?"

"ती बाई उंबऱ्यावर बसली आहे, वाद्यार," ते म्हणाले आणि पेटीतून जुन्या पाडलेल्या गोळ्या काढू लागले. सगळ्या आयुष्यात न मोजता केलेलं त्यांचं हे एकच काम मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. मगर डोहाच्या पलीकडच्या वाळूवर पसरली होती. अंतर साठ पावलांचं. मामांनी पोटावर झोपून नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. धूर विरला तेव्हा मगरीच्या डोक्यापासून दोन हात डावीकडे वाळूत चर पडलेला दिसला. मगर पाण्यात सरकली, अजिबात घाई न करता. मामा नळीकडे बघत राहिले.

त्या बाराने मगर डोह सोडून गेली. अर्धा मैल खाली जिथून गाढवं नदी पार करत, तिथे कमरेइतकंही पाणी नव्हतं. ती जागा सगळ्यांनाच बिनधोक वाटे. चौथ्या दिवशी तिथे तिने माणिक्कमचा उजवा हात धरला. बरोबरच्या दोघांनी काठ्यांनी बडवून त्याला सोडवला, पण सरकारी इस्पितळात हात कोपरापासून काढावा लागला.

बातमी आली तेव्हा मामा जेवत होते. ते हात धुऊन तसेच निघाले. मी मागोमाग. खाटेवर माणिक्कम जागा होता, पोन्नम्माळ पायाशी बसली होती. आजूबाजूला गावची चार माणसं होती. मामा खाटेजवळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाले, "माणिक्कम, माझी गोळी चुकली म्हणून ती तिकडे गेली. मी बंदूक तपासली नव्हती. तपासायला हवी होती."

माणिक्कमने तोंड भिंतीकडे फिरवलं. पोन्नम्माळ म्हणाली, "ते झालं ऐया. आता काय करणार ते सांगा."

"दहा दिवस द्या," मामा म्हणाले.

दहाच का, हे मला ठाऊक होतं. बाराव्या-तेराव्या दिवशी वरच्या धरणाचं पाणी सुटणार होतं. मग सगळे डोह एक होऊन नदी भरून वाहणार, मगर कुठे जाईल ते कुणालाच कळणार नाही, आणि पुढे तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी गावोगावच्या बायका नदीची पूजा करायला पाण्यात उतरणार. मामांनी त्यांना दोन दिवस कमी सांगितले होते. ते दोन दिवस त्यांनी चुकीसाठी राखून ठेवले असावेत.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम त्यांनी केलं ते आधी करायचं राहून गेलेलं. गावाबाहेरच्या वीटभट्टीमागे फळीवर कागद चिकटवला आणि पन्नास पावलांवरून तीन बार काढले. एक गोळी कागदाला लागलीच नाही. उरलेल्या दोन्हींची भोकं गोल नव्हती. लांबट होती, कुलपाच्या भोकासारखी. मामांनी कागद उन्हाकडे धरला. "बघ. गोळी टोकावर चालत नाहीं, आडवी पडत जाते आहे."

घरी येऊन त्यांनी मऊ शिशाचा एक गोळा नळीतून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत पलीकडे काढला. त्याच्या अंगावर नळीच्या आतल्या पिळदार खाचा उमटल्या होत्या. "हा नळीचा खरा आकार. आतां हा आणि साच्यातली गोळी, दोन्ही मोजायला हवें. माझ्या जवळचा गेज एवढें बारीक दाखवत नाहीं."

कॉलेजला सुट्टी होती. मी प्राध्यापकांच्या घरी जाऊन प्रयोगशाळेचा मायक्रोमीटर मागितला. ते तमिळ गृहस्थ, कपाळावर ठसठशीत नाम. "घरी काय मोजणार?" त्यांनी विचारलं. "गोळी," मी म्हणालो. त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं, मग किल्ली दिली आणि म्हणाले, "जसा नेताय तसा परत आणा."

नळीतून निघालेला गोळा भरला अकरा पूर्णांक चौऱ्याहत्तर मिलिमीटर. साच्यातली गोळी अकरा पूर्णांक अठ्ठावन्न. मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी सोळा भाग गोळी लहान. मामा किती तरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. गंज काढताना त्यांनीच नळी मोठी केली होती, साचा मात्र आजोबांच्या वेळचाच राहिला होता. गोळी नळीत सैल बसत होती, दारूचा जाळ तिच्या कडेने पुढे निसटत होता, खाचांची पकड तिला मिळत नव्हती. पकड नाही म्हणजे फिरकी नाही, आणि फिरकी नाही म्हणून ती हवेत लोळत जात होती. "सोळा भाग," ते पुटपुटले.

नवा साचा करून देणारा माणूस मद्रासेखेरीज कुठे नव्हता, आणि तो महिन्याची मुदत सांगे. तेव्हा हाच साचा मोठा करायचा. मी पहिल्यांदा सुचवलं ते सोपं होतं. साच्याच्या दोन फाळक्यांमध्ये सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची पट्टी ठेवायची, म्हणजे साचा तेवढाच उघडा राहील आणि गोळी जाड पडेल. मामांनी करून पाहिलं. गोळी एका बाजूने जाड झाली, दुसऱ्या बाजूने होती तशीच राहिली. हातात धरली तर कळायची नाही, पण मायक्रोमीटरखाली ती सरळ सरळ अंडाकृती होती. त्यांनी ती वितळायला परत कढईत टाकली.

त्याच दिवशी नदीकाठच्या गावचा मणियकार, म्हणजे पाटील, आला. लोक त्याच्या मागे लागले होते. अंडाकृती गोळीची हकीकत ऐकून तो वैतागला. "ऐया, एवढ्या तेवढ्याने काय होतंय? मगर काय गोळी मोजून बघणार आहे?"

"मगर नाहीं मोजणार," मामा शांतपणे म्हणाले. "नळी मोजते."

मग खरं काम सुरू झालं. मोटारींच्या वर्कशॉपमधून त्यांनी व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट आणवली. साच्यात गोळी पाडताना तिच्या बुडात एक लांब स्क्रू उभा धरायचा, म्हणजे गोळी थंड झाली की तिला मूठ येते. त्या गोळीला पेस्ट लावून ती साच्यात परत ठेवायची, फाळके अलगद मिटायचे आणि स्क्रूने गोळी फिरवायची. पितळ आतून कणाकणाने झिजतं. वीस वळसे एका अंगाने, मग साचा उलटा धरून वीस, म्हणजे एकाच बाजूला जास्त झिजत नाही. मग साचा रॉकेलने धुवायचा, वाळवायचा, तापवायचा, नवी गोळी पाडायची, ती गार झाली की मोजायची. एका फेरीला दीड तास लागे आणि झीज व्हायची एक भाग, फार तर दीड. मामा वळसे मोठ्याने मोजत. मधे कुणी हाक मारली तर आकडा न सोडता फक्त हात वर करत.

भीती होती ती पुढे जाण्याची. कमी झिजलं तर आणखी घासता येतं. एकदा जास्त झिजलं की साचा मेला, दुसरा नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मी आकडा सांगेपर्यंत मामा माझ्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोन्नम्माळ इस्पितळातून थेट आली. विचारायला म्हणून ती घाईने आत शिरली. तिच्या लुगड्याचा पदर ओला होता. मामांचा चढलेला आवाज मी त्या एकदाच ऐकला. "बाहेर!" ती दचकून मागे सरली, पण पदराचा शिंतोडा कढईच्या कडेला उडालाच. फट्दिशी आवाज झाला आणि शिशाचा एक चट्टा मामांच्या मनगटावर चिकटला. त्यांनी तो नखाने काढला, मनगटाला खोबरेल लावलं आणि बाहेर जाऊन पोन्नम्माळसमोर उभे राहिले. "तुझ्या डोळ्यांत गेलं असतं," ते म्हणाले. त्यावर ती तिथेच ओसरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मामी तिच्याजवळ जाऊन बसल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आकडा वाचला, "अकरा शहात्तर." नळीपेक्षा दोन भाग मोठी. खाचांत घट्ट रुतायला मामांना हवी होती तितकीच. त्यांनी साचा पुसून फडक्यात गुंडाळला आणि त्या आठवड्यात प्रथमच पाठ टेकून बसले. मी घरी आलो. आंघोळ केली. जेवायला बसलो आणि पहिला घास हातातच राहिला.

त्या दिवशी दुपारी माझ्या हातून मायक्रोमीटर खाली पडला होता. मामा तेव्हा मागे रॉकेल आणायला गेले होते. मी तो उचलला, पुसला, चालतोय ना ते पाहिलं आणि मोजत राहिलो; आकडा एकदम चढला तो पेस्टचा जोर समजलो. पण शून्य तपासलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला मी जी चूक केल्याबद्दल वर्गात उभं करतो, तीच.

पानावरून उठून मी पेटीतून उपकरण काढलं आणि त्याची दोन टोकं मिटवली. शून्यावर यायला हवा होता, तो चारावर उभा राहिला. म्हणजे पडल्यानंतरचा प्रत्येक आकडा चार भागांनी फुगलेला. गोळी मोठी झाली नव्हती, अजून दोन भाग लहानच होती.

खोटं कशाला सांगू, मनात आलं की दोन भागांनी काय बिघडणार आहे. सोळाचे दोन तर झाले. मामांना कळायचंही नाही. मग मला इस्पितळातली ती खाट दिसली. मी उठून मामांकडे गेलो.

मामी दिवा लावत होत्या. मी मामांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उपकरण पडल्याचं, शून्य न पाहिल्याचं, घरी बसून केलेल्या विचाराचंही. ते म्हणाले, "बेस. तूं एका घासावर उठून सांगितलेंस. मी चार दिवस उशिरां सांगितलें." आणि साचा फडक्यातून सोडवला.

पुढचे चार भाग त्यांनी पेस्ट पातळ करून, दहा-दहा वळशांनी काढले. प्रत्येक मापाआधी मी शून्य मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी "हूं" म्हणायचं, असं ठरलं. सहाव्या दिवशी दुपारी गोळी खरोखर अकरा शहात्तर भरली. कोणत्याही अंगाने फिरवून मोजली तरी तेवढीच. ओतायच्या शिशात त्यांनी जुन्या छापखान्याचे मोडके खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, आणि थोडं कथील घातलं होतं, गोळीला कणखरपणा यावा म्हणून. वीटभट्टीमागे पुन्हा कागद लावला. तीन बार, तिन्ही भोकं गोल, तळहाताने झाकतील एवढ्यात. मामांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. हसले नाहीत.

मगर पुन्हा मोठ्या डोहात आली होती, पण आता ती वाळूवर येत नव्हती. आम्ही दोन सकाळी झाऊच्या झुडपामागे पडून राहिलो. पाण्यावर दोन डोळे यायचे आणि बुडायचे. नववा दिवस उजाडणार होता. तेव्हा पोन्नम्माळ म्हणाली, "कपडे आपटल्याचा आवाज झाला की ती जवळ येते. वळ्ळीच्या वेळी तशीच आली. मी दगडावर उभी राहते."

"नाहीं," मामा म्हणाले.

"तुमचं काम तुम्ही करा ऐया. माझं मी करते."

मामांनी काठापासून दहा पावलं मोजली, तिथे एक सपाट दगड ओढून नेला आणि तिला सांगितलं की ह्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. एवढीच तडजोड.

नवव्या दिवशी उन्हं कोवळी असताना ती उभी राहून कपडा आपटू लागली. तो आवाज पलीकडच्या काठावर जाऊन परत येई. मी मामांच्या उजवीकडे पडलो होतो. काही वेळाने डोहाच्या मध्यावर दोन डोळे आले. बुडाले. पुन्हा आले, आधीपेक्षा जवळ. पोन्नम्माळने ते पाहिले. तिची पाठ ताठ झालेली मला दिसली, पण कपड्याचा ठेका बदलला नाही. एक, दोन, पिळा. एक, दोन, पिळा. समोरून दिसणारं डोकं मामांना नको होतं. हाडावरून गोळी घसरली असती. त्यांना डोळ्यामागची जागा हवी होती, लिंबाएवढी, आणि त्यासाठी मगरीने वळायला हवं होतं.

ती काठाला लागली. पुढचे पाय उथळ वाळूवर टेकले. पोन्नम्माळ आणि ती यांच्यात दहाबारा पावलं. मला वाटलं मामांनी आता मारावंच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट चापावर होतं, हलत नव्हतं. पोन्नम्माळने ओला कपडा दगडाच्या दुसऱ्या बाजूला फेकला. मगरीचं डोकं आवाजाच्या दिशेने फिरलं.

बार झाला. शेपटीने पाणी झाडाएवढं उंच उडवलं आणि मगर जागच्या जागी उलटी झाली, पांढरं पोट वर करून. मामांनी दुसरी गोळी भरली आणि मारली. मग तिसरी भरून ठेवली. गावची माणसं ओरडत धावली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी जवळ जायचं नाही." त्यांच्या हातात भरलेली रायफल होती, म्हणून लोक थांबले असावेत. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही. पोन्नम्माळ त्या सपाट दगडावर बसून राहिली होती.

मगर दोरांनी बाहेर ओढल्यावर लोकांना तिचं पोट फाडून बघायचं होतं. पोन्नम्माळ नको म्हणाली. "माझ्या सुनेचे दिवस मी केलेत," ती म्हणाली. मामांनी काठावर खड्डा खणवून घेतला आणि तो भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. मणियकाराने हार आणला होता. तो त्यांनी हातात घेतला आणि त्या मातीवर ठेवला.

महिन्याभरात मामांनी रायफल सरकारजमा केली. कुणी कारण विचारलं तर "नजर कमी जाहली" म्हणत. ती झाली नव्हती. माणिक्कम घरी आला होता. एका हाताने कपडे आपटता येत, पण पिळता येत नव्हते. मामांनी लोहाराकडून एक जाड लोखंडी आकडा करून घेतला आणि नदीकाठच्या दगडी खांबाला पट्टीने आवळून बसवला. कपड्याचं एक टोक आकड्यात अडकवायचं, दुसरं एका हाताने पिळायचं. पहिला आकडा उंच झाला. दुसऱ्याला धार राहिली, कपडा फाटला. दर शुक्रवारी मामा कानस घेऊन बसने नदीवर जात, माणिक्कम कपडे पिळत असताना बाजूला बसून बघत, आणि गरज पडली तर कानस लावत. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मी एकदा सोबत गेलो होतो. तासाभरात दोघांच्या तोंडून आलेला एकच शब्द मी ऐकला. माणिक्कम म्हणाला, "खाली." मामांनी आकडा बोटभर खाली घेतला.

दोन वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. स्टेशनावर मामा आले होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि सोडला. त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेल्याचं वडिलांचं पत्र आलं. सकाळी झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले. दिवस शुक्रवार होता.

त्यानंतर गावी गेलो तेव्हा मी नदीवर गेलो. पाणी भरपूर होतं. पोन्नम्माळ राहिली नव्हती. माणिक्कमने दुसरं लग्न केलं होतं, बायको सावलीत कपडे वाळत घालत होती. त्याने मला ओळखलं. मी मामांची आठवण काढली. तो कपडा पिळत राहिला.

"मी त्यांना माफ केलं नाही, सार," तो म्हणाला. "त्यांनीही कधी माफी मागितली नाही. त्या शुक्रवारी ते आले नाहीत. दुपार झाली तरी मी कपडे ओलेच ठेवून बसलो होतो. नंतर कुणीतरी येऊन सांगितलं."

एवढं बोलून त्याने पिळलेलं धोतर आकड्यातून सोडवलं, खांद्यावर टाकलं आणि बायकोकडे वाळत घालायला दिलं.